लस टोचली अन् गाठी आल्या: हे वाक्य माझं होतं



परवा संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला रांगेत उभा होतो. येत्या गुरुवारी गावात लम्पीची लस टोचायला येणार आहेत, त्यावर बोलणं चाललेलं. माझ्या मागं उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "आपण नाही टोचणार. २०२२ ला आपल्याच गावात एकाच्या गाईला लस टोचली अन् तिसऱ्या दिवशी अंगभर गाठी आल्या. चांगली दुधाची गाय होती."

तो पोरगा तेव्हा शाळेत असेल. गाय कोणाची ते त्याला माहीत नव्हतं. ती माझी गौरी. आणि ते वाक्य गावात पहिल्यांदा मीच बोललो होतो, त्याच डेअरीवर, तशाच रांगेत उभं राहून.

मी काही बोललो नाही. दूध घातलं, पावती घेतली, घरी आलो आणि २०२२ ची नोंदवही शोधून काढली. या पेजवर मी पिकाच्या नोंदी टाकतो, खताचा हिशेब टाकतो, चुकलेली फवारणीसुद्धा टाकतो. ही नोंद मात्र इतकी वर्षं टाकली नव्हती. आज टाकतोय.

तेव्हाचं आठवत असेल सगळ्यांना. आधी गुजरात, राजस्थानात जनावरं मेल्याचे व्हिडिओ मोबाईलवर यायला लागले. मग ऑगस्टमध्ये आपल्याकडं जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात जनावरं सापडली, आणि महिन्याभरात ती साथ आमच्या नगर जिल्ह्यात येऊन पोचली. गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. आमच्या वस्तीपासून किलोमीटरभरावर ९ सप्टेंबरला पहिली गाय सापडली. त्यानंतरची माझी वही अशी आहे, जशी आहे तशी उतरवतो:

१५ सप्टें. सं. गौरी ४.५ (रोज ५.५). वैरण भिजलेली.
१६ सप्टें. स. ५, सं. ४. डोळ्याला पाणी. माश्या फार.
१७ सप्टें. लस. गौरी, कपिला, कालवड.
१९ सप्टें. ताप १०५.४. डॉक्टर.
२० सप्टें. गाठी. मान, पाठ, कास.

आता हे वाचून जाणकार माणूस डोक्याला हात लावेल. लस १७ ला टोचली, पण गाय १५ लाच आजारी होती! रोज साडेसहा आणि साडेपाच अशी बारा लिटरची गाय दोन दिवसांत नऊवर आली, डोळे गळायला लागले, आणि मी लिहितोय "वैरण भिजलेली". १७ ला सकाळी बायको म्हणाली पण होती, "गौरीचं तोंड उतरलंय, आज नका टोचू, डॉक्टरांना विचारा." मी म्हणलं, गाव सगळं टोचून घेतंय, परत कोण येतंय आपल्या वस्तीवर. लस टोचायला आलेल्या माणसानं विचारलं, "सगळी जनावरं ठीक आहेत ना?" मी हो म्हणालो. माझ्या हातून झालेल्या खोटेपणात हा सगळ्यात महागात पडला.

२१ तारखेला डेअरीवर मी बोललो, "लस टोचली अन् तिसऱ्या दिवशी गाठी आल्या." हे वाक्य खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टी त्याच क्रमानं घडल्या होत्या. फक्त मी त्याच्या आधीचे दोन दिवस सांगितले नाहीत. आणि हेही सांगितलं नाही, की त्याच बाटलीतली लस त्याच हातानं कपिलेला आणि कालवडीला टोचली होती. त्यांना टोचल्या जागी शेंगदाण्याएवढी सूज आली, चार दिवसांत गेली, बाकी काही नाही.

यातला हिशेब समजून घ्या, कारण सगळा घोळ तारखांचा आहे.

लम्पी हा विषाणूचा आजार. शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा हा सख्खा भाऊ. १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, तो पहिल्यांदा दिसला आणि आपल्या देशात ओडिशात २०१९ ला आला. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात, कधी त्याहून जास्त, चार आठवड्यांपर्यंतसुद्धा. या दिवसांत जनावर खातं, पितं, दूध देतं, बघणाऱ्याला काही कळत नाही. दुसरीकडं, लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे लस टोचून तिसऱ्या दिवशी गाठी आल्या, तर तो विषाणू लस यायच्या आधीच अंगात होता. तीन दिवसांत लसीनं एवढ्या गाठी येत नाहीत आणि तीन दिवसांत लस वाचवूही शकत नाही. साथ गावात शिरल्यावर आपण टोचायला धावतो, त्यामुळं अशी जनावरं दर गावात दोन-चार निघणारच. आणि प्रत्येक गावात त्या दोन-चार जनावरांचीच गोष्ट सांगितली जाते. जी शंभर धडधाकट राहिली त्यांची गोष्ट कोण सांगणार?

आमच्या आजीनं गौरीला बघून "देवी आल्यात" म्हणलं होतं. गाठीचा ताप, अंगावर फोड, म्हणून तिला ते तसंच वाटलं. तिच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल व्रण होता. टोचणारा गावात आला की बाया पोरांना कणगीत लपवायच्या, असं ती हसत हसत सांगायची. तिलाही लपवलं होतं, पण ती शिंकली. माणसाची देवी आणि लम्पी हे एकाच मोठ्या घराण्यातले आजार, पण लम्पी माणसाला होत नाही. तेव्हा आमच्याकडं लोकांनी आठ-दहा दिवस दूध घ्यायचं बंद केलं होतं, त्याला काही अर्थ नव्हता. दूध उकळून प्यायचं, एवढंच.

आता गौरीचं काय झालं ते.

१९ ला ताप १०५.४ होता. गाईचा ताप एरवी १०१-१०२ च्या आसपास असतो. डॉक्टरांनी खांद्याच्या पुढं हात लावून दाखवला, तिथली गाठ लिंबाएवढी सुजलेली. म्हणाले, कातडीवर गाठ यायच्या आधी ही सुजते, मांडीपुढचीही सुजते. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीच्या मानेवरचे केस जागोजागी उभे राहिलेले दिसले. हात फिरवला तर खाली गोल, टणक गाठी, कडेनं बोटात धरता येतील अशा. काही सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या. दुपारपर्यंत पाठीवर, पोटावर, कासेवर. नाकातून शेंबूड, तोंडातून लाळ. पुढचा उजवा पाय आणि छातीखालची पोळी सुजून पाणी उतरलं. पाय एवढा जड झाला की बसली की उठेना, म्हणून ती बसायचीच नाही. दोन रात्री उभी होती. दूध दीड लिटरवर आलं.

मी डॉक्टरांना म्हणलं, भारीतलं भारी औषध द्या, पैशाचं बघू नका. ते म्हणाले, "या विषाणूवर औषध नाही. मी देतोय ते तापाचं, सुजेचं. अँटिबायोटिक देतोय ते गाठी फुटल्यावर दुसरे जंतू शिरू नयेत, फुप्फुस धरू नये म्हणून. आजार तीच बरा करणार आहे. तुम्ही तिला खायला घाला." हे ऐकून मला राग आला होता, खरं सांगतो. वाटलं टाळतायत. पण पुढचे वीस दिवस तेच खरं ठरलं.

पाच दिवस इंजेक्शनं झाली. त्यापुढचं सगळं काम घरच्यांचं. तोंडात आणि जिभेवर चट्टे पडलेले, त्यामुळं कडबा चावेना. तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवायचं, मग कोवळा घास बारीक करून, नाहीतर गव्हाच्या भुश्श्याची गूळ घातलेली पातळ आंबोण हातानं चारायची. पाणी पुढं ठेवलं तरी पीत नव्हती, दर दोन तासांनी तोंडापाशी बादली धरावी लागायची. बायकोनं आणि आईनं हे वीस दिवस केलं, मी मधूनमधून. सुजलेल्या पायाला मिठाच्या कोमट पाण्याचा शेक. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं सांगितलेला विड्याच्या पानांचा उपायही आईनं केला: १० पानं, १० ग्रॅम मिरे, १० ग्रॅम मीठ वाटून गुळात कालवायचं, पहिल्या दिवशी दर तीन तासांनी आणि मग दिवसातून तीनदा. डॉक्टर म्हणाले, द्या, पण माझी औषधं बंद करू नका. कशानं किती गुण आला ते मला सांगता येणार नाही, पण गूळ असल्यामुळं गौरी ते चाटून खायची, आणि त्या दिवसांत ती काहीतरी आपणहून खातेय हेच पुष्कळ होतं.

दहाव्या-बाराव्या दिवशी गाठींचा मधला भाग काळा पडला, सुकला, आणि खपलीसकट बुच निघावं तसा निघून आला. खाली खड्डा, आत लाल मांस. इथं खरी जपणूक लागते. पावसाळी दिवस, माश्या, एका रात्रीत अळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ लाल औषधाच्या, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग माशी न बसणारं मलम लावायचं. ते नसेल तेव्हा खोबरेल तेलात लसूण, हळद, कडुनिंबाचा पाला कढवून गार करून लावलं. पाण्याचा रंग गडद करू नका, कातडी भाजते. मी पहिल्या दिवशी केला होता.

आणि त्या खपल्या. निघालेल्या खपल्या मी चार दिवस शेणाबरोबर उकिरड्यावर टाकत होतो. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा ओरडले. वाळलेल्या खपलीत हा विषाणू ३५ दिवसांपर्यंत जिवंत राहतो. तेव्हापासून खपल्या वेचून जाळायच्या, गव्हाण आणि जमीन धुऊन हायपोक्लोराईट मारायचं.

गौरी वाचली. दीड महिन्यानं दूध सातवर आलं, त्या वेतात बारावर परत गेलंच नाही. अंगावर रुपयाएवढे बिनकेसांचे वण अजून आहेत. तिचं दोन महिन्यांचं वासरू लसीच्या वयाचं नव्हतं (तेव्हा चार महिन्यांच्या पुढं टोचत होते), ते पहिल्याच दिवशी भावाच्या गोठ्यात नेलं आणि कपिलेचं दूध उकळून, कोमट करून बाटलीनं पाजलं. कासेवर गाठी असताना वासरू पाजू नये. ते वाचलं. पुढं २०२३ ला साथ परत आली तेव्हा वासरंच जास्त सापडली, ते आठवतं ना?

आता अण्णांचं.

अण्णा माझ्या बांधाचे शेजारी, वयानं वडिलांच्या बरोबरीचे. त्यांच्याकडं बैलजोडी होती, सर्जा आणि पाखऱ्या. ट्रॅक्टर आमच्याकडं सगळ्यांकडं येतो, पण अण्णा पेरणी बैलावरच करायचे. १७ तारखेला ते शेतात होते, बैलं गावात आणली नाहीत. २४ ला लस परत आली. तोवर माझं वाक्य डेअरीवरून घरोघरी गेलं होतं. अण्णा माझ्याकडं आले, गौरीकडं बराच वेळ बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "तू काय म्हणतो? टोचू का नको?"

मी म्हणालो, "अण्णा, माझं बघताय ना तुम्ही."

एवढंच. नको असं तोंडानं म्हणालो नाही.

वसुबारसेला, २१ ऑक्टोबरला, पाखऱ्याच्या अंगावर गाठी दिसल्या. २४ सप्टेंबरपासून मोजा, २७ दिवस होतात. १७ पासून मोजा, ३४. टोचला असता तर पाखऱ्या वाचलाच असता असं मी म्हणत नाही. ती लस शेळीच्या देवीची होती, चुलतभावाच्या ओळखीवर चोर ओळखायचा तसला प्रकार, टोचलेल्या काही जनावरांनाही लम्पी झाला. पण त्यांना बहुतेक करून हलका झाला. ती एक संधी अण्णांच्या बाजूनं होती. ती माझ्या अर्ध्या वाक्यानं गेली.

पाखऱ्याला गाठी घशात आणि श्वासनळीतही आल्या असाव्यात. मान लांब करून घुरघुर श्वास घ्यायचा, लांबून ऐकू यायचं. फुप्फुस धरलं. अकराव्या दिवशी पहाटे गेला. जेसीबीनं आठ फूट खड्डा घेतला, चुना टाकला. पंचनामा झाला, पुढं बैलाचे २५ हजार सरकारकडून मिळाले. पण बाजार बंद, दुसरा बैल आणायचा कुठून? आणि सर्जाच्या शेजारी कोणताही बैल चालतो असं थोडंच आहे. त्या वर्षी हरभरा अण्णांनी ट्रॅक्टरनं पेरला, भाड्यानं. सर्जा दावणीला उभा होता आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की मान वर करायचा. पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी त्याला विकला.

अण्णांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांना अजूनही वाटतं की लसीनंच गौरीला गाठी आल्या. काल संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्याकडं गेलो आणि तारखा वाचून दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून स्वतः परत वाचल्या. १५ सप्टेंबरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे आधीच होतं." मी हो म्हणालो. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "आता गुरुवारी किती वाजता येणारेत?" त्यांच्याकडं सध्या एक गाय आणि तिची कालवड आहे.

तर मंडळी, गुरुवारचं.

मृग लागलाय, पाऊस पडला की गोठ्यात चावऱ्या माश्या, डास, गोचीड वाढतात, आणि हा आजार मुख्यतः त्यांच्याच सोंडेवर बसून फिरतो. आजारी जनावर दोन दावणी पलीकडं बांधलं म्हणजे वेगळं केलं असं होत नाही, माशीला ते अंतर काहीच नाही. म्हणून संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, शेण रोजचं रोज लांब, गोठ्यात पाणी साचू द्यायचं नाही, गोचिडाचं औषध डॉक्टरांच्या प्रमाणानं.

टोचायच्या आधी तीन दिवस रोज सकाळी प्रत्येक जनावराचा ताप बघा. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, शेपटीखाली, बाजूच्या कातडीला टेकेल असा, वाजेपर्यंत धरा. १०३ च्या वर असेल, दूध एकदम एखाद-दीड लिटरनं उतरलं असेल, डोळे-नाक गळत असेल, तर ते जनावर गुरुवारी आणू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. टोचणारा विचारेल तेव्हा खरं सांगा. प्रत्येक जनावराला नवी सुई, मागून घ्या, लाजू नका. एकच सुई दहा जनावरांत फिरली तर माशीचं काम आपणच केलं.

टोचल्यावर जागेवर छोटी सूज, एखाद-दोन दिवस कणकण, थोडं दूध कमी, हे होऊ शकतं. त्याला घाबरू नका. अंगावर पित्तासारख्या चपट्या गांध्या उठल्या आणि एक-दोन दिवसांत बसल्या तर तो बहुधा लम्पी नव्हे. लम्पीची गाठ कातडीच्या आतपर्यंत टणक लागते आणि बसत नाही. शंका असेल तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, डेअरीवर चर्चा नको.

आणि टोचून झाल्यावरही तीन आठवडे जनावर उघडंच आहे असं समजून माश्यांची काळजी घ्या. माझ्यासारखे लोक नेमके याच तीन आठवड्यांत लसीला शिव्या देतात.

गुरुवारी सकाळी ७ वाजता, मारुतीच्या पाराजवळ. वस्तीवरच्यांना गावात येणं जमत नसेल तर मला आदल्या दिवशी सांगा, लस टोचणाऱ्यांना मी गाडीवर घेऊन येतो. डेअरीवरच्या त्या पोराच्या घरी मी उद्या जाणार आहे, वही घेऊन.